त्यांच्यासारखी माती

फोन आला तेव्हा मृदुला देवांना गंध लावत होती. पूजेतून मधेच उठायचं नाही हा तिचा नेम. फोन वाजत राहिला, आणि शेवटी ओसरीवर चहा पीत बसलेल्या उमेशनं तो घेतला. उमेश तिचा दीर. मागच्याच आळीत राहायचा आणि रोज सकाळी वहिनीकडे फुलं घेऊन यायचा. आतून तिला त्याचं "हो... हो... किती म्हणालात?" एवढंच ऐकू आलं. मग तो देवघराच्या दारात येऊन उभा राहिला. पायातल्या चपला काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"वहिनी, नाकाचा निकाल आला. दादा सापडला. चौऱ्याण्णव टक्के!"

मृदुलेनं बाळकृष्णाला गंध लावलं, अन्नपूर्णेला लावलं, दोघांवर फूल वाहिलं. नैवेद्याच्या वाटीखाली पाण्याचं मंडल काढलं.

"कळलं," ती म्हणाली. "चपला बाहेर काढा, भावजी. आणि चहा गार होईल तुमचा."

उमेश तिच्याकडे बघतच राहिला. तिलाही वाटलं की आपल्याला काहीतरी व्हायला हवं. पण हात नेहमीसारखाच चालला होता. घंटा वाजवून तिनं आरती म्हटली, आणि एकही शब्द चुकला नाही.

बारा वर्षांपूर्वी, दिवसभर पाऊस कोसळत असताना, मृदुलेचे यजमान शिरीष सर धामणखिंडीतल्या वाडीवर गेले होते. वाडीतली बरीचशी मुलं त्यांच्या शाळेतली. डोंगराला भेग पडलीय, खाली उतरा, असं लोकांना विनवायला ते गेले आणि संध्याकाळी डोंगरच खाली आला. पुष्कळ जण ढिगाऱ्यातून निघाले, काही जिवंत, काही नाही. काहींचं काहीच हाती लागलं नाही. सर त्यांच्यातले. आणि त्यातच दुधाच्या गाडीवाल्यानं सांगितलं, "पलीकडच्या वाटेनं उतरताना सरांसारखा माणूस दिसला होता मला."

सरांसारखा. त्या एका शब्दावर मृदुलेनं बारा वर्षं काढली. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळाला कुंकू होतं, आणि बायका हळदीकुंकवाला बोलावताना क्षणभर थांबायच्या. कुणी म्हणायचं, शिरीष गेल्यासारखाच. कुणी म्हणायचं, असल्यासारखं समजून राहावं. तीही सवाष्ण असल्यासारखीच राहिली. उमेशची बायको अलका सवाष्ण गेली, म्हणून दर अविधवा नवमीला अलकाच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालायची. उमेश त्या पाटावर मृदुलेलाच बसवी. ती तिथे अलकासारखी बसे, पुरणपोळीवर तूप वाढून घेई, ओटी भरून घेई आणि घरी येई.

चहाचा कप ठेवता ठेवता उमेश म्हणाला, "पुढच्या नवमीला आता दुसरी कुणी बघायला हवी," आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे... तसं नव्हतं म्हणायचं मला."

"बरोबर आहे की तुमचं," मृदुला म्हणाली. "बघायला हवीच."

*

नाक हे लोकांनी ठेवलेलं नाव. खरं नाव साम्यमापक. शिवणयंत्राएवढी पेटी, तिला एक लांब नळी, आणि ती नळी मातीत खुपसली की जणू वास घेतल्यासारखा घुर्र आवाज यायचा. म्हणून नाक.

डॉक्टर नाझनीन मुकादम ते घेऊन चिपळूणहून आल्या होत्या. पस्तिशीच्या, बोलायला मोकळ्या. बेपत्तांच्या घरी बसून त्यांनी प्रत्येकाला समजावून सांगितलं होतं, तसं मृदुलेलाही.

"काकू, आपल्या अंगावर, अंगात कोट्यवधी जंतू राहतात. घाबरू नका, बहुतेक सगळे उपकारीच. कुणाच्या अंगावर कुठले आणि किती, ते माणसामाणसाचं वेगळं. घराघराच्या मसाल्यासारखं. मिरची-धणे सगळीकडे तेच, पण प्रमाण प्रत्येकीचं निराळं. चाखल्याबरोबर कळतं की हा आपल्या घरचा नाही. माणूस मातीत गेला की त्याचा तो मसाला मातीत उतरतो. चिकणमातीत खोलवर हवा पोचत नाही, तिथे त्याच्या खुणा वर्षानुवर्षं टिकतात. आम्ही त्या खुणा गोळा करतो आणि माणसाच्या वापरातल्या वस्तूवरच्या खुणांशी ताडून बघतो."

"मग कळतं, की तोच?"

"नाही," नाझनीन प्रामाणिकपणे म्हणाल्या. "यंत्राला 'तोच' कळत नाही. किती सारखा, एवढंच कळतं. नव्वदच्या वर गेलं की आम्ही सापडला म्हणतो."

सरांच्या वापरातलं काय द्यायचं हा प्रश्न होता. कपडे कितीदा धुऊन झालेले, उशीचा कापूस बदललेला, कंगवा कुठे गेला कोण जाणे. मग मृदुलेनं देवघरातून त्यांचं पूजेचं आसन आणलं. धाबळीचं, कडेला लाल दोरा. सोवळ्यातलं असल्यामुळे त्याला कधी साबण लागला नव्हता. फक्त ऊन दाखवायचं.

"हे चांगलं आहे," नाझनीन म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी वापरलंय का हे?"

"छे हो. दुसरं कुणी कसं शिवेल? सोवळ्यातलं आहे."

त्यांनी मधल्या भागातली थोडी लोकर कात्रीनं कापून घेतली आणि आसन परत दिलं. नंतर खिंडीत जाऊन, वाडीतल्या देवळाच्या पायरीचा दगड अजून वर दिसतो, त्याच्याजवळ नळी घातली. सरांना शेवटचं त्या देवळाशीच पाहिलं होतं.

*

रेवा, मृदुलेची मुलगी, दुसऱ्या दिवशी बंगळुराहून आली. दारातच पिशवी टाकली आणि आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. बाबा गेले तेव्हा ती बारा वर्षांची होती. तेव्हाही रडली नव्हती, नंतरही नाही. बाबांचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायची. आता ती अशी रडली की शेजारच्या बायका येऊन उभ्या राहिल्या. मृदुला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हाताखाली पोरीची पाठ गदगदत होती आणि मृदुलेला ते दिसत होतं, कळत होतं, पण काचेपलीकडून कळावं तसं.

उमेशनं भास्करभटजींना गाठलं. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. येत्या अमावास्येचा दिवस ठरला. पुतळ्यात एके जागी माती घालावी लागते, तेव्हा नाकवाल्यांनी दिलेली खिंडीतलीच माती घालायची, असं उमेशनं परस्पर ठरवून टाकलं.

"दादाचीच माती, दादाच्याच पुतळ्यात," तो म्हणाला. "याहून चांगलं काय असणार, वहिनी?"

"हो," मृदुला म्हणाली.

रात्री जेवताना रेवानं दोनदा भात घेतला. "आई, कित्येक वर्षांत इतकी भूक लागली नव्हती मला," ती म्हणाली. "काहीतरी खाली ठेवल्यासारखं वाटतंय."

मृदुलेनं तिच्या पानात आणखी ताक वाढलं.

*

अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी नाझनीन आल्या. पक्का दाखला देण्याआधी घरातल्या माणसांच्या तळव्यांचे नमुने घ्यावे लागतात, तेवढंच काम होतं. रेवा काकाबरोबर बाजारात गेली होती. दार उघडंच होतं. नाझनीननी हाक मारली, पण आतून फक्त पुटपुटणं ऐकू आलं, म्हणून त्या देवघराच्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या.

मृदुला पूजेला बसली होती. धाबळीच्या आसनावर, मांडी घालून, अनवाणी. आसनाच्या कडेला लाल दोरा होता.

पूजा संपेपर्यंत नाझनीन बोलल्या नाहीत. मृदुला उठली तेव्हा त्यांनी विचारलं, "काकू, हे तेच आसन?"

"तेच. ह्यांचं."

"त्यावर तुम्ही बसता?"

"देवांची पूजा ह्यांच्याकडे होती. हे नाहीत म्हणून देवांना उपाशी ठेवायचं का? ह्यांची पूजा ह्यांच्या आसनावर बसून मी करते. रोज."

"बारा वर्षं?"

"रोज," मृदुला पुन्हा म्हणाली.

"पण मी विचारलं होतं काकू, दुसऱ्या कुणी वापरलंय का. तुम्ही नाही म्हणालात."

मृदुलेला प्रश्नच कळला नाही. "बरोबरच सांगितलं. मी दुसरी कुठे झाले?"

नाझनीन मटकन उंबऱ्यावर बसल्या.

"उंबऱ्यावर बसू नये, बाई. पाट देते."

"राहू द्या. एक सांगा. खिंडीत कधी जाता तुम्ही?"

"दर सोमवारी. त्या दगडापाशीच. खोल उकरून काढलेल्या मातीची पिंडी करते, पूजा करते आणि त्याच खड्ड्यात मोडून मिसळते. पार्थिव पूजा म्हणतात तिला."

"हातानं करता? पिंडी?"

"मग कशानं करतात?"

अगदी हळू आवाजात, जणू एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसं, नाझनीननी सांगितलं. आसनावरच्या खुणा मृदुलेच्या असू शकतात. दगडाजवळच्या मातीतल्याही मृदुलेच्या असू शकतात. यंत्रानं दोन्ही ताडून बघितल्या आणि सारख्या आहेत म्हणून सांगितलं. सारख्या असणारच. मृदुला मृदुलेसारखीच असणार.

"तुमच्या तळव्याचा नमुना घेऊ?"

मृदुलेनं हात पुढे केला.

यंत्र गाडीतच होतं. नाझनीन गाडीत बसून राहिल्या. मृदुलेनं दुधाचं भांडं उतरवलं, तांदूळ निवडले. बाजारातून परतलेल्या रेवाला सांगितलं, "डॉक्टर बाईंचं काहीतरी तपासायचं राहिलंय, तू जेवून घे." जेवून रेवा माडीवर जाऊन झोपली. अलीकडे तिला दुपारीसुद्धा झोप लागायला लागली होती.

उन्हं कलल्यावर नाझनीन आत आल्या.

"खिंडीतली माती तुमच्याशी शहाण्णव टक्के जुळते," त्या म्हणाल्या.

"म्हणजे हे तिथे नाहीत?"

"मी तुम्हाला त्यातून वजा करून बघितलं. मागे काहीच उरत नाही. पण काकू, त्याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे, ते तिथे नाहीत." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "दुसरा म्हणजे, एका घरात, एका अंथरुणात, एका ताटातल्या अन्नावर इतकी वर्षं राहिलेल्या नवराबायकोचे जंतू एकमेकांसारखे होत जातात. तुमचा किती संसार झाला होता?"

"रेवाच्या आधी तीन वर्षं, आणि मग रेवा बारा वर्षांची होईपर्यंत."

"मग तुमच्यात ते होतेच. तुम्हाला वजा केलं तर तेही वजा होतात. यंत्राला ते वेगळे काढता येत नाहीत. मलाही येत नाहीत. चूक माझी. दुसरं कुणी, असं विचारायला नको होतं. तुम्ही स्वतः बसता का, असं विचारायला हवं होतं. आता मी जितक्या घरी 'माणूस सापडला' म्हणून सांगून आलेय, तितक्या घरी मला परत जावं लागणार."

"चहा घ्या," मृदुला म्हणाली.

"उद्याचा विधी... घरच्यांना मी सांगू?"

"नको. तुमच्या तोंडून ऐकलं तर भावजी तुमच्याशी भांडतील. मी सांगेन."

संध्याकाळी सांजवात झाली. रेवा वेणी घालून घ्यायला पुढ्यात येऊन बसली, लहानपणी बसायची तशी. मृदुलेनं तोंड उघडलं. तेवढ्यात रेवा म्हणाली, "मला बाबांचा आवाज आठवायला लागलाय, आई. मधे गेला होता. आता परत येतोय. 'रेवाबाई, जागे व्हा,' असं म्हणायचे ना?"

"असंच," मृदुला म्हणाली, आणि वेणीचा पेड घट्ट ओढला.

"अगं, ओढतेयस किती!"

"सवय गेली गं."

तेवढ्यावर राहिलं.

*

नदीकाठी भास्करभटजींनी पुतळा मांडायला घेतला होता. भटजी सत्तरीचे, खडूस, पण जिभेपुरतेच. पळसाची पानं अंगासारखी ओळीनं पसरलेली. त्यावर ते एकेक वस्तू ठेवत आणि बोलत, कारण रेवानं विचारलं होतं.

"डोक्याच्या जागी नारळ. डोळ्यांच्या जागी कवड्या. दातांच्या जागी डाळिंबाचे दाणे. नखांना चाफ्याच्या पाकळ्या."

"जिभेला?"

"केळं. हसू नकोस. तुझा बाप शाळेत मास्तर होता, त्याला तर दोन लागली असती."

रेवा हसली आणि लगेच डोळे पुसले.

"आता मेदाच्या जागी माती. आण उमेश."

उमेशनं पिशवी पुढे केली. मृदुलेनं त्याच्या हातातून ती घेतली, आणि धरून उभी राहिली.

"भटजी, थांबा. मला सांगायचंय."

तिनं सगळं सांगितलं. आसन, पिंडी, शहाण्णव टक्के, वजाबाकी. तिच्या आवाजात चढउतार नव्हता. बाजारभाव सांगावेत तसं सांगितलं. सांगताना तिला रेवाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना दिसत होता, आणि तरी ती थांबली नाही. देवासमोर बसल्यावर खोटं बोलायचं नाही, हाही तिचा नेम होता, आणि इथे तर अग्नी पेटायचा होता.

"वहिनी!" उमेश ओरडला. "आत्ता? इथे? काल सांगता आलं नाही? पोरीकडे बघा जरा!"

"बघतेय."

"म्हणजे परत तेच? परत 'असल्यासारखा' नि 'गेल्यासारखा'? भटजी, तुम्ही चालू करा. चौऱ्याण्णव म्हणजे चौऱ्याण्णव!"

"उमेश, ओरडू नकोस. मला मंत्र आठवेनासे होतात." भटजी पळसाच्या पानांसमोर उकिडवे बसले. "मृदुलाताई, ही कवडी शिरीषच्या डोळ्यासारखी दिसते का?"

"नाही."

"हा नारळ? त्याला तर केसही जास्त आहेत. कशातच काही सारखं नाही. आपण ठेवतो आणि म्हणतो, हा डोळा, हे डोकं. म्हटलं की झालं. ज्याचं काही सापडलं नाही त्याच्यासाठीच तर हा विधी आहे. सापडलं असतं तर हा पुतळा कशाला केला असता? माती कुठलीही चालते, नदीची घेईन मी. पण घरातल्या कुणीतरी म्हणायला हवं, की तो गेला. मशीन म्हणालं म्हणून मी अग्नी देऊ देणार नाही."

"मी म्हणतो," उमेश म्हणाला.

"तू नको. तू पहिल्या वर्षापासून म्हणतोयस."

रेवा आईकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत आता रडू नव्हतं. पाणी प्यायला उठून जाणारी ती जुनी मुलगी तिथे पुन्हा येऊन उभी होती. "आई, तुला म्हणायचं नसेल तर आपण घरी जाऊ," ती हळूच म्हणाली. "मी रागावणार नाही. मला सवय आहे."

मला सवय आहे. मृदुलेनं ते ऐकलं. बारा वर्षं आपण एकटीच वाट बघतोय असं तिला वाटत होतं. ही पोर शेजारी बसून तेच करत होती, आणि हिला व्रत नव्हतं, देव नव्हते, सोमवार नव्हते.

तिनं नदीकडे पाहिलं. पाणी वाहत होतं. पलीकडच्या काठानं एक माणूस सायकल हातात धरून चालला होता. पाठमोरा, किंचित वाकलेला. बारा वर्षांत अशी प्रत्येक पाठ बघून तिचं पाऊल आपोआप पुढे पडायचं. आताही पडलं. मग तिनं ते मागे घेतलं. तिथे कुणी तिला मदत करणार नव्हतं. दूधवाला नाही, नाक नाही, डॉक्टर बाई नाहीत. सारखा कुणीही असू शकतो. आता तिला एकदाच एक गोष्ट म्हणायची होती, आणि तिला पुरावा नव्हता.

ती पुतळ्याजवळ गुडघ्यांवर बसली.

"गेले," ती म्हणाली. आवाज फारच लहान आला, म्हणून पुन्हा म्हणाली, "हे गेले. आणि हे तेच आहेत."

"माती?" भटजींनी विचारलं.

तिनं पिशवीचं तोंड सोडलं. "हीच घाला. त्यांची नसली तर माझी आहे. त्यांना चालेल."

भटजी क्षणभर थांबले. "शास्त्रात काही हरकत दिसत नाही," ते पुटपुटले, आणि माती घेतली.

अग्नी रेवानं दिला. उमेशनं तिचा कोपर धरला होता आणि तो स्वतः हुंदके देत होता. अर्धवट सुकलेली पानं आधी धुमसली, मग एकदम भडकली. नारळ तडकला. लोक मागे सरले. मृदुला होती तिथेच उभी राहिली. ज्वाळा तिच्या पदराच्या काठापर्यंत येऊन जात होत्या, आणि ती त्यांच्याकडे नुसती बघत होती.

"आई, मागे ये," रेवानं तिचा दंड ओढला. "इतक्या जवळ काय उभी राहिलीस? पोळतंय ना?"

मृदुलेनं खाली पावलांकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे.

"हो गं," ती म्हणाली, आणि तिचा श्वास अडकला. "पोळतंय."